कायद्याचा विद्यार्थी आणि ‘केसरी’चा संपादक : लोकमान्य टिळकांच्या चरित्रातील एक सूत्र

लोकमान्य बाळ गंगाधर टिळक यांचे चरित्र मराठीत अनेकांनी, अनेक दृष्टींनी लिहिले आहे. राष्ट्रीय चळवळीचे पुढारी, ‘गीतारहस्य’कार, वेदकालाचे संशोधक, गणिताचे व्यासंगी ही त्यांची रूपे वाचकांच्या परिचयाची आहेत. मराठी गद्याच्या इतिहासात ‘केसरी’चे संपादक म्हणून त्यांचे स्थान निर्विवाद आहे. परंतु या संपादकाची औपचारिक व्यावसायिक पदवी कायद्याची होती, आणि त्याच्या लेखनजीवनातील जवळजवळ प्रत्येक निर्णायक वळण मुद्रणविषयक कायद्याच्या एखाद्या कलमाशी येऊन थांबते, या गोष्टीकडे वाङ्मयाच्या अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. मराठी वाक्याचा अर्थ कोणी ठरवायचा, लिहिणाऱ्याने, वाचणाऱ्याने, भाषांतरकाराने की न्यायाधीशाने, हा प्रश्न टिळकांच्या आयुष्यात चार दशके उपस्थित होत राहिला. त्या प्रश्नाच्या अनुरोधाने त्यांच्या चरित्राची मांडणी केल्यास त्यांच्या गद्यशैलीचाही काही उलगडा होतो.

१. जन्मकाळ आणि कायद्याचे शिक्षण

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरी येथे झाला. पुढच्याच वर्षी उत्तर हिंदुस्थानात उठाव झाला आणि त्याचे पडसाद महाराष्ट्राच्या डोंगराळ भागातही उमटले. नाशिकच्या पश्चिमेकडील पेठ संस्थानात कोळी व भिल्ल यांनी शस्त्र उचलले. तो उठाव मोडून काढण्यात आला आणि राजघराण्यातील भगवंतराव नीलकंठराव यांना फाशी देण्यात आले. त्याच १८५७ साली गव्हर्नर जनरल कॅनिंग यांच्या सरकारने छापखान्यांना परवाना सक्तीचा करणारा कायदा वर्षभरासाठी लागू केला. डोंगरातील उठावासाठी फौज आणि छापील शब्दासाठी कायदा, अशी ही दुहेरी व्यवस्था होती. छापील शब्दालाही राज्यकर्ते उठावाइतकाच धोका मानू लागले होते, हे त्यातून स्पष्ट होते. टिळकांच्या पिढीला हा वारसा जन्मतःच मिळाला.

वडील गंगाधरपंत शिक्षक होते. ते संस्कृताचे आणि गणिताचे चांगले जाणकार होते. त्यांच्या बदलीमुळे १८६६ साली कुटुंब पुण्यास आले. १८७२ साली वडिलांचे निधन झाले आणि त्याच वर्षी टिळक मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. पुढे डेक्कन कॉलेजातून त्यांनी गणित हा विषय घेऊन पहिल्या वर्गात बी.ए.ची पदवी मिळविली. एम.ए.च्या परीक्षेत मात्र त्यांना यश आले नाही. त्यानंतर ते कायद्याच्या अभ्यासाकडे वळले आणि १८७९ साली एल्‌एल्‌.बी. झाले. गणितासारखा आवडीचा विषय सोडून कायदा घेणे त्यांच्या काही परिचितांना रुचले नव्हते. सरकारी नोकरी करावयाची नाही आणि सार्वजनिक कामात पडावयाचे, असे ठरविलेल्या तरुणाला मात्र राज्ययंत्राची भाषा शिकणे आवश्यक वाटले असल्यास नवल नाही.

या अभ्यासाचे दोन विशेष नमूद करण्याजोगे आहेत. हिंदू कायद्याचा अभ्यास त्यांनी इंग्रजी पाठ्यपुस्तकांवर न भागविता मनुस्मृती, मिताक्षरा इत्यादी मूळ संस्कृत ग्रंथांच्या आधारे केला. भाषांतरातून आलेला कायदा आणि मूळ संहिता यांत अंतर असते, ही जाणीव त्यांना विद्यार्थीदशेतच झालेली असावी. दुसरा विशेष काळाचा आहे. भारतीय दंडसंहिता १८६० साली मंजूर झाली तेव्हा राजद्रोहाचे कलम तीत नव्हते. ते १२४-अ या क्रमांकाने १८७० साली घातले गेले. छापखान्यांची व ग्रंथांची नोंदणी करणारा कायदा १८६७ सालचा होता. मुद्रक आणि प्रकाशक यांनी प्रतिज्ञापत्र द्यावे आणि छापील मजकुरावर त्यांची नावे असावीत, अशी त्यातील व्यवस्था होती. आणि टिळक कायद्याचे विद्यार्थी असतानाच, मार्च १८७८ मध्ये, लॉर्ड लिटन यांनी देशी भाषांतील वृत्तपत्रांवर विशेष निर्बंध घालणारा कायदा केला. इंग्रजी पत्रांना तो लागू नव्हता. एकच विचार इंग्रजीत लिहिल्यास निर्वेध आणि मराठीत वा बंगालीत लिहिल्यास संशयास्पद, असा भेद या कायद्याने अधिकृत केला. कलकत्त्याच्या ‘अमृत बझार पत्रिके’ने या निर्बंधातून सुटण्यासाठी स्वतःला इंग्रजी करून घेतले, ही घटना प्रसिद्धच आहे. रिपन यांच्या कारकिर्दीत, १८८२ साली, हा कायदा रद्द झाला. भाषेनुसार संशय धरण्याची प्रवृत्ती मात्र शासनात टिकून राहिली. देशी पत्रांतील मजकुराचा इंग्रजी गोषवारा सरकारी भाषांतरखात्यातून नियमाने तयार होई आणि अधिकाऱ्यांकडे जाई. मराठी वृत्तपत्राचा एक वाचक नेहमीच सचिवालयात बसलेला असे.

२. कोल्हापूर प्रकरण : पुराव्याचा धडा

एल्‌एल्‌.बी. झाल्यावर टिळकांनी वकिलीची वाट धरली नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि गोपाळ गणेश आगरकर यांच्या विचाराने ते राष्ट्रीय शिक्षणाच्या कामात पडले. जानेवारी १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले आणि जानेवारी १८८१ च्या आरंभी ‘मराठा’ व ‘केसरी’ ही दोन पत्रे निघाली. पहिली काही वर्षे ‘केसरी’ची धुरा आगरकरांकडे आणि इंग्रजी ‘मराठा’ची टिळकांकडे होती.

पत्रे निघून वर्ष होते न होते तोच पहिला खटला उभा राहिला. कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी यांना मानसिक विकार असल्याचे सांगून त्यांचा छळ केला जात आहे, असा लोकांत प्रवाद होता. या छळास संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे जबाबदार आहेत, असे सूचित करणारा मजकूर दोन्ही पत्रांत प्रसिद्ध झाला. आधार म्हणून जी पत्रे हाती आली होती ती बनावट ठरली. बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. संपादकांनी दिलगिरी व्यक्त केली, पण फिर्याद मागे घेण्यात आली नाही. जुलै १८८२ मध्ये टिळक व आगरकर या दोघांना प्रत्येकी चार महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा झाली. मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले आणि २६ ऑक्टोबर १८८२ रोजी ते सुटले. आगरकरांनी या कारावासावर लिहिलेले पुस्तक मराठीतील तुरुंगवाङ्मयाचा आरंभीचा नमुना होय.

या प्रकरणात हेतू शुद्ध होता, लोकांची सहानुभूती पाठीशी होती. तरी कायद्याच्या दृष्टीने संपादक दोषीच होते. सत्य माहीत असणे आणि सत्य शाबीत करता येणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे पदवीधर टिळकांना पुस्तकातून ठाऊक असेलच. संपादक टिळकांना ते तुरुंगात कळले. यानंतरच्या त्यांच्या लेखनात व्यक्तीवरील आरोपापेक्षा धोरणावरील आणि राज्यपद्धतीवरील टीका अधिक दिसते. वस्तुस्थितीचे विधान आणि त्यावरील मत यांच्यात ते काळजीपूर्वक अंतर ठेवतात. सरकारी ठराव, आकडे आणि प्रसिद्ध अहवाल यांच्या आधाराने युक्तिवाद उभा करण्याची त्यांची रीत याच काळात पक्की झाली. ‘केसरी’तील अग्रलेखाची तर्कशुद्ध, मुद्द्यामागून मुद्दा मांडणारी रचना ही गणिताची देणगी मानली जाते, तिच्यात न्यायालयातील कैफियतीचाही वाटा आहे.

३. लॉ क्लास

१८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ च्या आरंभी फर्ग्युसन कॉलेज स्थापन झाले. पुढे सहकाऱ्यांशी मतभेद वाढत गेले. आगरकरांनी ‘केसरी’ सोडून १८८८ साली ‘सुधारक’ काढला. टिळक १८९० साली सोसायटीतून बाहेर पडले आणि १८९१ साली ‘केसरी’ व ‘मराठा’ यांची मालकी व जबाबदारी त्यांच्याकडे आली. सोसायटी सोडल्यावर उपजीविकेचा प्रश्न होता. पत्रांवर कर्जही होते. या काळात पुण्यात त्यांनी लॉ क्लास चालविला. वकिलीच्या परीक्षांस बसणाऱ्या विद्यार्थ्यांची तयारी या वर्गात करून घेतली जाई. साताऱ्यास वकिली करणारे नरसिंह चिंतामण केळकर १८९६ साली टिळकांकडे आले ते ‘मराठा’च्या कामाबरोबर लॉ क्लासला हातभार लावण्यासाठीच. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ‘साहित्यसम्राट’ म्हणून ओळखला जाणारा हा लेखक कायद्याच्या वर्गाच्या दाराने ‘केसरी’च्या परिवारात आला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

लॉ क्लास आणि वृत्तपत्र ही टिळकांची दोन वेगळी कामे वरकरणी वाटतात. वस्तुतः त्यांच्यामागे एकच अध्यापनदृष्टी होती. वर्गात मूठभर विद्यार्थ्यांना कलमांचा अर्थ सांगावयाचा आणि पत्रात हजारो वाचकांना त्याच राज्याच्या कायद्यांतील त्यांचे हक्क समजावून द्यावयाचे. १८९६ च्या दुष्काळात दुष्काळसंहितेतील तरतुदींनुसार सारासूट व मदत मागण्याचा रयतेला अधिकार आहे, हे ‘केसरी’ने वारंवार सांगितले. शेतकऱ्याला कायदा वाचून दाखविणे हेच येथे राजकारण झाले होते. सरकारला ते अधिक अस्वस्थ करणारे होते. कारण त्यात बेकायदेशीर असे काहीच नव्हते.

४. १८९७ : एका शब्दाचा अर्थ

१८९७ साली पुण्यात प्लेगचा कहर होता आणि प्लेग अधिकारी रँड यांच्या देखरेखीखालील घरतपासणीने लोक संतप्त झाले होते. २२ जून रोजी रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. त्याच्या आठवडाभर आधी, १५ जूनच्या ‘केसरी’त, शिवराज्याभिषेक उत्सवाचा वृत्तान्त आणि शिवाजी महाराज स्वर्गातून देशाची दशा पाहून बोलत आहेत अशी कल्पना असलेली एक कविता प्रसिद्ध झाली होती. अफझलखानाच्या वधाची नैतिक चिकित्सा करणारे भाषणही त्या वृत्तान्तात होते. २७ जुलै रोजी टिळकांना मुंबईत अटक झाली. जामिनाचा अर्ज प्रथम नामंजूर झाला. पुढे न्यायमूर्ती बद्रुद्दिन तय्यबजी यांनी तो मंजूर केला. याच सुमारास नातू बंधूंना कोणताही खटला न चालविता १८२७ च्या जुन्या रेग्युलेशनखाली स्थानबद्ध करण्यात आले होते. कायद्याचे राज्य आणि कायद्यावाचूनचा अंमल ही दोन्ही रूपे पुणेकरांनी एकाच महिन्यात पाहिली.

सप्टेंबर १८९७ मध्ये न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे खटला चालला. ज्यूरीतील नऊ जणांपैकी सहा युरोपीय आणि तीन हिंदी होते. दोषी ठरविणाऱ्यांची संख्या सहा आणि निर्दोष मानणाऱ्यांची तीन झाली. टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरीची शिक्षा देण्यात आली.

वाङ्मयाच्या अभ्यासकाला या खटल्यातील दोन बाबी महत्त्वाच्या वाटतील. पहिली बाब वाङ्मयप्रकाराची. ऐतिहासिक पात्राच्या मुखी घातलेली कविता हे संपादकाचे राजकीय विधान मानावे काय, हा प्रश्न येथे प्रथमच एवढ्या ठळकपणे न्यायालयासमोर आला. रूपक, स्वगत, ऐतिहासिक दृष्टान्त यांची मराठी वाचकाला सवय होती. ज्यूरीतील बहुसंख्यांपुढे मात्र इंग्रजी भाषांतर होते. दुसरी बाब कायद्यातील शब्दाची. सरकारविषयी अप्रीती उत्पन्न करणे हा राजद्रोहाच्या कलमाचा गाभा. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला केलेल्या मार्गदर्शनात अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव, असा अर्थ लावला. या अर्थाने राजाविषयी प्रेम न वाटणे आणि त्याविरुद्ध द्वेष पसरविणे यांतील सीमाच पुसली गेली. प्रिव्ही कौन्सिलकडे अपिलाची परवानगी मागण्यात आली. ती नाकारली गेली. १८९८ साली कलमाची पुनर्रचना झाली. द्वेष आणि तुच्छता हे शब्द त्यात आले, आणि निव्वळ नापसंती दर्शविणारी टीका गुन्हा होत नाही अशी स्पष्टीकरणे जोडली गेली. त्याच वर्षी वर्गावर्गांत वैर वाढविण्याविषयीचे १५३-अ हे कलमही आले. एका मराठी संपादकाच्या खटल्याने संपूर्ण हिंदुस्थानच्या मुद्रणस्वातंत्र्याची चौकट बदलली.

प्रा. मॅक्स म्युल्लर आदी विद्वानांच्या अर्जामुळे शिक्षेची मुदत पुरी होण्यापूर्वी, ६ सप्टेंबर १८९८ रोजी, टिळकांची सुटका झाली. तुरुंगातील वेदाध्ययनातून पुढे १९०३ साली त्यांचा आर्यांच्या उत्तर ध्रुवाकडील मूलस्थानाविषयीचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला.

५. १९०८ : भाषांतराची उलटतपासणी

बंगालच्या फाळणीनंतर देशातील वातावरण तापले. ३० एप्रिल १९०८ रोजी मुजफ्फरपूर येथे बाँब टाकला गेला आणि त्यात दोन युरोपीय स्त्रिया मरण पावल्या. मे व जूनमध्ये ‘केसरी’ने या घटनेची मीमांसा करणारे अग्रलेख लिहिले. बाँबचा त्यांत निषेध होता. परंतु या अतिरेकाचे मूळ राज्यकारभाराच्या हेकटपणात आहे आणि दडपशाहीने तो थांबणार नाही, असे प्रतिपादन होते. ८ जून रोजी गुन्ह्यास चिथावणी देणाऱ्या पत्रांचे छापखाने जप्त करण्याचा अधिकार देणारा कायदा झाला. दुसऱ्याच दिवशीच्या अंकात ‘केसरी’ने असे उपाय टिकणारे नाहीत, असे बजावले. २४ जून रोजी टिळकांना अटक झाली. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यातच ‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे यांनाही राजद्रोहाबद्दल शिक्षा झाली.

टिळकांच्या जामिनासाठी बॅरिस्टर महमदअली जीना यांनी केलेला अर्ज न्यायमूर्ती दिनशा दावर यांनी फेटाळला. १८९७ साली जामीन मिळवून देण्याच्या कामी हेच दावर टिळकांचे वकील होते. १३ ते २२ जुलै या काळात मुंबई उच्च न्यायालयात खटला चालला. विशेष ज्यूरीत सात युरोपीय आणि दोन पारशी होते. टिळकांनी आपला बचाव स्वतः केला. त्यांचे भाषण अनेक दिवस चालले आणि एकूण एकवीस तासांहून अधिक झाले. १८७९ साली मिळविलेली पदवी येथे कामास आली. ज्या माणसाने पोटासाठी कधी न्यायालयात उभे राहण्याचे पत्करले नाही, त्याने आपल्या लेखणीसाठी ते पत्करले.

या बचावाचे स्वरूप केवळ कायदेशीर नव्हते. त्याचा मोठा भाग भाषाशास्त्रीय होता. सरकारतर्फे सादर झालेल्या भाषांतरातील शब्दांवरून टिळकांनी भाषांतरखात्याच्या साक्षीदाराची बारकाईने उलटतपासणी घेतली आणि मराठी शब्दांच्या छटा इंग्रजीत कशा अधिक तीव्र झाल्या आहेत, हे कोशांच्या आधारे दाखविले. राज्यशास्त्रातील संकल्पना मराठीत नव्याने रुळत आहेत, त्यांच्यासाठी लेखकाला शब्द घडवावे लागतात, आणि असे घडविलेले शब्द पुन्हा इंग्रजीत नेताना मूळ अर्थ निसटतो, असे त्यांचे म्हणणे होते. हे लेख सुटे वाचू नयेत, आंग्ल-भारतीय पत्रांशी चाललेल्या वादातील ती उत्तरे आहेत, हा त्यांचा दुसरा मुद्दा. आणि तो शाबीत करण्यासाठी त्यांनी अनेक वृत्तपत्रांतील उतारे पुराव्यात दाखल केले. संदर्भाशिवाय अर्थ नाही, हे आजच्या समीक्षेतील गृहीतक त्यांनी फौजदारी न्यायालयात मांडले होते.

येथे एक अडचण प्रामाणिकपणे नोंदविली पाहिजे. टिळकांच्या गद्याचे सामर्थ्य सूचकतेत होते. जे कायद्याच्या भीतीने उघड म्हणता येत नाही ते इतिहासातील दाखल्याने, उपरोधाने, जर-तरच्या वाक्यरचनेने वाचकापर्यंत पोचविणे ही त्यांची कला. ‘केसरी’चा वाचक ओळींमधील मजकूर वाचण्यात तरबेज झाला होता. न्यायालयातील बचाव मात्र वाच्यार्थावर उभा होता. संपादक टिळक व्यंजनेचा आश्रय घेतात आणि आरोपी टिळक अभिधेचा. या दोहोंत विसंगती आहे, असे फिर्यादी पक्षाला वाटले आणि ते पूर्णतः निराधार म्हणता येणार नाही. परंतु विसंगतीचे मूळ लेखकाच्या कपटात नाही. ते कायद्याच्या स्वरूपात आहे. जो कायदा मताला शिक्षा देतो तो लेखकाला सूचकतेकडे ढकलतो, आणि मग त्या सूचकतेलाच पुरावा मानतो. मराठी राजकीय गद्याची वक्रोक्ती ही काही अंशी राजद्रोहाच्या कलमाची निर्मिती आहे. परांजप्यांच्या उपरोधाविषयीही हेच म्हणता येईल.

२२ जुलैच्या रात्री ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी टिळकांना दोषी ठरविले. सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा आणि एक हजार रुपये दंड सुनावण्यात आला. उजाडल्यावर त्यांना त्रेपन्नावे वर्ष लागणार होते. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. हा वर्ग न्यायालयात बोलल्या गेलेल्या इंग्रजीपासून दूर होता. निकालाचा अर्थ मात्र त्याने आपल्या परीने लावला.

६. मंडाले आणि नंतर

टिळकांना प्रथम साबरमतीच्या आणि नंतर ब्रह्मदेशातील मंडालेच्या तुरुंगात ठेवण्यात आले. सक्तमजुरीचे रूपांतर साध्या कैदेत झाले. तेथेही लेखनावर नियंत्रण होते: पृष्ठे मोजलेल्या वह्या आणि शिसपेन्सिल एवढेच लेखनसाहित्य त्यांना मिळे. १९१०-११ च्या हिवाळ्यात ‘गीतारहस्या’चा मसुदा तयार झाला. सुटकेनंतर काही काळ हस्तलिखित सरकारच्या ताब्यात राहिले. ते परत आल्यावर १९१५ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९१२ साली, ते कैदेत असतानाच, पत्नी सत्यभामाबाई यांचे निधन झाले.

या सहा वर्षांत मुद्रणविषयक कायदे अधिक कठोर झाले आणि त्यास नाशिकच्या घटनांचाही संबंध होता. १९०९ साली नाशिक येथे गणेश दामोदर सावरकर यांना कविता प्रसिद्ध केल्याबद्दल जन्मठेपेची शिक्षा झाली. त्याच वर्षी २१ डिसेंबरला नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांची अनंत कान्हेरे यांनी गोळ्या घालून हत्या केली. पाठोपाठ फेब्रुवारी १९१० मध्ये नवा मुद्रण कायदा आला. नवीन छापखान्याकडून पाचशे ते दोन हजार रुपये अनामत मागण्याचा आणि ती जप्त करण्याचा अधिकार शासनाला मिळाला. आता खटला, ज्यूरी, उलटतपासणी यांची गरजच उरली नाही. अर्थ ठरविण्याचे काम न्यायालयातून कचेरीत गेले. १८८२ साली दिवंगत झालेल्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांचा देशस्थितीवरील निबंधदेखील सरकारजमा झाला आणि १९३७ साली काँग्रेस मंत्रिमंडळ येईपर्यंत तो बंदीतच राहिला.

जून १९१४ मध्ये टिळक सुटले. १९१६ साली होमरूलच्या प्रचारार्थ बेळगाव व अहमदनगर येथे त्यांनी केलेल्या तीन मराठी भाषणांवरून सरकारने चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागितला. नोटीस मिळाली ती त्यांच्या साठीच्या दिवशी. पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने वीस हजार रुपयांचा जातमुचलका आणि प्रत्येकी दहा हजारांचे दोन जामीनदार, असा हुकूम केला. जीना यांनी टिळकांची बाजू मांडली आणि ९ नोव्हेंबर १९१६ रोजी न्यायमूर्ती बॅचलर व न्यायमूर्ती शहा यांनी तो हुकूम रद्द केला. भाषण समग्र वाचले पाहिजे, एखाद्या तीव्र वाक्यावरून त्याचा निर्णय करू नये, ही भूमिका न्यायालयाने घेतली. आठ वर्षांपूर्वी टिळकांनी एकट्याने मांडलेले वाचनतत्त्व आता न्यायालयाच्या निर्णयात आले. या वेळी ज्यूरी नव्हती, हाही भेद ध्यानात घ्यावा लागेल.

शेवटच्या मोठ्या खटल्यात भूमिका उलटल्या. व्हॅलेंटाइन चिरोल यांच्या हिंदुस्थानातील असंतोषावरील १९१० च्या ग्रंथात टिळकांचा संबंध राजकीय हत्यांशी जोडला होता. टिळकांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. त्यासाठी ते १९१८ साली इंग्लंडला गेले. १९१९ च्या आरंभी न्यायमूर्ती डार्लिंग यांच्यापुढे तो चालला. चिरोल यांच्या बाजूने एडवर्ड कार्सन आणि टिळकांच्या बाजूने जॉन सायमन उभे होते. टिळक हरले आणि खर्चाचा फार मोठा बोजा त्यांच्यावर पडला. त्यांच्या जुन्या लेखांचे तुकडे पुन्हा एकदा परभाषेत, परक्या ज्यूरीपुढे वाचले गेले. कायद्याच्या मार्गावर एवढा विश्वास ठेवणाऱ्या माणसाला तो मार्ग सत्ताकेंद्रापाशी किती अरुंद होतो, हे येथे दिसून आले.

७. उपसंहार

एप्रिल १९२० मध्ये टिळकांनी काँग्रेस लोकशाही पक्षाचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. रौलट कायदा, मुद्रण कायदा यांसारखे दडपशाहीचे कायदे रद्द व्हावेत, आणि राज्याविरुद्धच्या गुन्ह्यांत आरोपीच्या देशबांधवांच्या ज्यूरीपुढे खटला चालावा, अशा मागण्या त्यात होत्या. या दुसऱ्या मागणीमागे १८९७ व १९०८ या दोन्ही वर्षांचा अनुभव उभा आहे. आपली भाषा जाणणाऱ्यांनीच आपल्या शब्दांचा न्याय करावा, असा तिचा आशय. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत सरदारगृह येथे टिळकांचे निधन झाले. १९१० चा मुद्रण कायदा १९२२ साली रद्द झाला.

राजद्रोहाच्या कलमाचा प्रवास मात्र पुढे चालू राहिला. १९४२ साली फेडरल कोर्टाने त्याचा अर्थ सार्वजनिक शांतताभंगापुरता मर्यादित केला. १९४७ साली प्रिव्ही कौन्सिलने तो नाकारून टिळक खटल्यातील अर्थपरंपरेकडे परतणे पसंत केले. १९६२ साली केदारनाथ सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कलम वैध ठरविले, पण हिंसेस वा अव्यवस्थेस प्रवृत्त करणाऱ्या शब्दांपुरतेच. मे २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने कलमाचा अंमल स्थगित केला. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली; तीत राजद्रोह हा शब्द नाही, परंतु देशाचे सार्वभौमत्व व एकता धोक्यात आणणाऱ्या कृतींविषयीचे कलम १५२ आहे आणि त्यात बोललेल्या व लिहिलेल्या शब्दांचा समावेश आहे. मुंबई उच्च न्यायालयात १९०८ चा खटला चालला त्या दालनाबाहेर १९५६ साली मुख्य न्यायाधीश छागला यांच्या हस्ते टिळकांच्या स्मरणार्थ पाटी बसविण्यात आली. ती एका अन्यायाची कबुली मानली जाते.

टिळकांनी कायद्याला ना झुगारले, ना त्यापुढे मान तुकविली. त्यांनी तो शिकला, शिकविला आणि मग त्याच्याशी वाद घातला. या वादात त्यांचा पराभवच अधिक वेळा झाला. तथापि त्या पराभवांतून मराठी गद्याला तर्काची शिस्त आणि सूचकतेची धार अशा परस्परविरोधी दोन शक्ती एकाच वेळी मिळाल्या. ‘केसरी’च्या अग्रलेखांचा वाङ्मयीन अभ्यास करताना खटल्यांची कागदपत्रे, भाषांतरखात्याचे गोषवारे आणि उलटतपासणीच्या नोंदी यांना परिशिष्टात ठेवण्याची पद्धत म्हणूनच सोडून दिली पाहिजे. एखादे मराठी वाक्य किती अर्थ वाहू शकते, याची एवढी कसून झालेली तपासणी आपल्या वाङ्मयेतिहासात अन्यत्र क्वचितच सापडेल. आणि ती करणाऱ्यांत खुद्द त्या वाक्याचा कर्ता होता.